मोठं काम दारात आलंय, घ्यायचं की सोडायचं? होकार देण्याआधीचा हिशोब



गेल्या एप्रिलमध्ये शुक्रवार पेठेतल्या आपल्या क्लासला एक ताई आल्या. घराच्या वरच्या खोलीत सहा शिलाई मशीन. पाचांवर कारागीर, सहाव्यावर त्या स्वतः. हातात वही, आणि वहीत एक ऑर्डर लिहिलेली: शाळेच्या गणवेशाचे ४,००० हाफ शर्ट, मुदत ३५ दिवस. कापड पार्टीचं, कटिंग करून मिळणार. शिलाई, काज-बटण, इस्त्री, पॅकिंग सगळं ताईंकडे. शर्टामागे ६० रुपये. पैसे माल पोचल्यावर ६० दिवसांनी. उशीर झाला तर बिलातून कपात.

ताई म्हणाल्या, "सर, सोनं बँकेत ठेवून पैसे उचलायची तयारी केलीय. एवढं मोठं काम पहिल्यांदाच आलंय. नाही म्हणलं तर पार्टी परत दारात येणार नाही की ओ!"

मंडळी, हे वाक्य तुमच्यापैकी अनेकांच्या ओळखीचं असेल. सोलापूर म्हटलं की लोकांना चादर आणि टॉवेल आठवतो, पण आज गणवेशाच्या शिलाईवरही इथली शेकडो घरं चालतात. त्यातलं बरंचसं काम असंच जॉबवर्कने खाली येतं. म्हणून ताईंना विचारून, त्यांचं नाव न घेता, त्या दिवशी आम्ही केलेला हिशोब आज मांडतोय. तुमचा धंदा मसाल्याच्या पॅकिंगचा असो नाहीतर वेल्डिंगचा, आकडे बदलतील, पायऱ्या ह्याच राहतील.

पायरी १ : वहीतला नफा

ताईंनी एका शर्टाचा खर्च लिहून आणला होता, हे मला फार आवडलं. निम्मे लोक तेवढंही करत नाहीत.

- शिलाई मजुरी (पीस रेट): ३२ रुपये
- काज-बटण बाहेरून: ४ रुपये
- दोरा आणि बटण: ५ रुपये
- धागे कापणं, इस्त्री, पॅकिंग: ५ रुपये
- लाईट आणि टेम्पो: ३ रुपये

एकूण ४९ रुपये. दर ६०, म्हणजे शर्टामागे ११ रुपये. ४,००० शर्टांचे ४४,००० रुपये. ताईंच्या डोळ्यांसमोर हाच आकडा होता. सव्वा महिन्यात ४४ हजार! कुणालाही मोह पडेल.

आता पुढे चला.

पायरी २ : आपल्या हातून होतं किती?

"रोज किती शर्ट निघतात?" मी विचारलं. ताई म्हणाल्या, "माणशी पंधरा, म्हणजे नव्वद."

३५ दिवसांत पाच आठवडी सुट्ट्या. राहिले ३० दिवस. ३० गुणिले ९०, म्हणजे २,७०० शर्ट. तेही सगळे रोज आले तर. मे महिना म्हणजे लग्नसराई, पोरांना सुट्टी, कारागीर गावी जाणार. लाईट गेली तर वेगळंच.

ऑर्डर ४,००० ची, हात २,७०० चे. वरचे १,३०० शर्ट एकतर रात्री बसून शिवायचे, नाहीतर दुसऱ्याकडून शिवून घ्यायचे. दोन्हीकडे शर्टामागे किमान ८ रुपये जास्त जाणार. झाले १०,४०० रुपये.

लक्षात ठेवा, क्षमता मोजताना आपला सर्वांत चांगला दिवस धरायचा नाही, नेहमीचा दिवस धरायचा.

पायरी ३ : वहीत न लिहिलेले खर्च

पहिला खर्च खराब मालाचा. ही गोष्ट सोलापुरात विडी वळणाऱ्या बायकांना जास्त चांगली कळते. पान-तंबाखू दुसऱ्याचं, पण विडी नापास झाली की नुकसान वळणारीचं. शिलाईतही तेच. ताईंच्या अनुभवाप्रमाणे शंभरात तीन शर्ट परत येतात. ४,००० मध्ये १२०. त्यातले ८० दुरुस्त होतील, प्रत्येकी १० रुपयांत. ४० कायमचे गेले, तर पार्टी कापडाचे १३० कापणार आणि शिलाईचे ६० देणार नाही. ७,६०० अधिक ८००, म्हणजे ८,४०० रुपये.

दुसरा खर्च पैशाच्या भाड्याचा. मजुरी दर आठवड्याला द्यायची आणि पार्टीचे पैसे ६० दिवसांनी यायचे. म्हणजे १,९६,००० रुपये ताईंनी घालायचे. सोन्यावरच्या कर्जाला महिना १ टक्का धरला आणि सरासरी अडीच महिने धरले, तर ४,९०० रुपये व्याज.

आता वजाबाकी करा. ४४,००० मधून १०,४००, ८,४०० आणि ४,९०० गेले. उरले २०,३०० रुपये.

ताई थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे निम्म्याहून कमी?"

हो. आणि ज्यांची जीएसटी नोंदणी आहे त्यांनी अजून एक धरायचं. बिल केलं की त्यावरचा कर ठरलेल्या तारखेला भरावा लागतो. पार्टीने पैसे दिले की नाही, हे सरकार विचारत नाही.

पायरी ४ : पैसे आलेच नाहीत तर?

हा प्रश्न विचारायला माणूस घाबरतो, अपशकुन वाटतो. पण निर्णय इथेच होतो.

पार्टी बुडाली किंवा फिरली, तर ताईंचे जाणार खर्चाचे १,९६,०००, जादा मजुरीचे १०,४००, शिवाय दुरुस्ती आणि व्याज. म्हणजे २ लाख १२ हजारांच्या आसपास. मिळकत २० हजार आणि धोका २ लाखांचा! एक काम बुडालं तर ते भरून काढायला अशीच दहा कामं चांगली जावी लागतील. दहा कामं म्हणजे किती हंगाम, तुम्हीच सांगा.

म्हणून मी प्रत्येकाला एक आकडा काढायला लावतो. त्याला मी 'बुडीत मर्यादा' म्हणतो. जेवढी रक्कम बुडाली तरी पुढच्या महिन्यात खोलीचं भाडं, कारागिरांची मजुरी, घरचा किराणा आणि पोरांची फी थांबणार नाही, तेवढी तुमची बुडीत मर्यादा. कर्जाचे पैसे यात धरायचे नाहीत, अंगावरचं सोनंही नाही.

ताईंचा आकडा निघाला ४५,००० रुपये. आणि ऑर्डर मागत होती १,९६,०००. काम चांगलं की वाईट हा वाद तिथेच मिटला. आहे त्या अटींवर ते काम ताईंच्या अंथरुणाबाहेरचं होतं.

पायरी ५ : साखळीत आपण कितवे?

"पार्टीला काम कुणी दिलंय?" माहीत नव्हतं. मी फोन करायला लावला. कळलं, शाळांची ऑर्डर एका मोठ्या पुरवठादाराकडे, त्याच्याकडून ह्या पार्टीकडे, पार्टीकडून ताईंकडे. म्हणजे ताई चौथ्या. वर कुठेही पैसे अडकले की खाली एकच निरोप येतो: "वरून आले की देतो."

आणि वरचे निर्णय कसे बदलतात, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षात राज्यात 'एक राज्य, एक गणवेश' योजना आली. शिलाईचं काम महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत बचत गटांकडे गेलं. बऱ्याच शाळांत गणवेश वेळेवर पोचले नाहीत. डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने निर्णय फिरवला आणि पुढच्या वर्षापासून गणवेशाचं काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे दिलं. यात कोण बरोबर, कोण चूक, हा आपला विषय नाही. आपला धडा एवढाच की एका हंगामाच्या ऑर्डरवर भरवसा ठेवून नव्या मशीनचं कर्ज काढायचं नाही.

पायरी ६ : कायदा काय देतो, काय देत नाही

काम घेण्याआधी उद्यम नोंदणी करून घ्या. सरकारी पोर्टलवर ती मोफत होते, एजंटला पैसे द्यायची गरज नाही. नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उद्योगाला २००६ चा एमएसएमईडी कायदा आधार देतो.

- लेखी करार असला तरी पैसे देण्याची मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. करारात मुदत नसेल तर १५ दिवस. म्हणजे ताईंच्या पार्टीची ६० दिवसांची अट कायद्यात बसतच नव्हती.
- मुदत टळली तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दर महिन्याच्या चक्रवाढीने व्याज मागता येतं.
- तक्रार सुविधा परिषदेकडे करता येते, ऑनलाईनसुद्धा.

आणखी एक जुना कायदा आपल्या कामाचा आहे, १८७२ चा भारतीय करार कायदा. त्याच्या कलम १७० नुसार दुसऱ्याच्या मालावर तुम्ही मेहनत केली, काम ठरल्याप्रमाणे पूर्ण केलं, तर मजुरी मिळेपर्यंत तो माल ताब्यात ठेवायचा तुम्हाला हक्क आहे. पण करारात वेगळं ठरलं असेल, उदाहरणार्थ उधारी मान्य केली असेल, तर हा हक्क राहत नाही. आणि माल एकदा हातातून गेला की हक्कही गेला.

हे सगळं माहीत असू द्या, पण त्याच्या जिवावर काम घेऊ नका. परिषदेचा निकाल लागेपर्यंत शनिवारची मजुरी थांबत नाही. कायदा म्हणजे स्टेपनी. रस्ता आधी नीट निवडा.

पायरी ७ : 'हो' आणि 'नाही'च्या मधलं उत्तर

आता मुख्य गोष्ट. ताईंना वाटत होतं, दोनच उत्तरं आहेत. पण काम आपल्या मापाचं करून घेता येतं, जसा मोठा शर्ट आपण आल्टर करतो. आम्ही बसून चार अटी लिहिल्या:

१. ४,००० ऐवजी २,५०० शर्ट. आपल्या हातून होतील तेवढेच.
२. ५०० चा एक लॉट. माल पोचल्यावर चार दिवसांत त्या लॉटचे पैसे. मागच्या लॉटचे पैसे आल्यावरच पुढचा लॉट सुटेल.
३. १५,००० रुपये ॲडव्हान्स, शेवटच्या लॉटमध्ये वजा.
४. मंजूर नमुन्यावर दोघांची सही. माल मिळाल्यापासून तीन दिवसांत तक्रार. कापड उशिरा आलं तर आपली मुदतही तेवढे दिवस पुढे.

एका लॉटचा खर्च २४,५००. एक लॉट पार्टीकडे आणि एक आपल्याकडे तयार, म्हणजे जास्तीत जास्त ४९,००० अडकणार. ॲडव्हान्स वजा केला तर ३४,०००. मर्यादेच्या आत!

आणि नफा? २,५०० शर्टांचे ११ रुपयांप्रमाणे २७,५००. खराब मालाचे ५,२५० गेले. जादा मजुरी नाही, सोन्यावर कर्ज नाही. उरले २२,२५० रुपये.

परत वाचा. ४,००० शर्टांत २०,३००, आणि २,५०० शर्टांत २२,२५०. काम कमी, झोप पूर्ण, सोनं कपाटात, आणि पैसे दोन हजारांनी जास्त.

मग झालं काय?

पार्टी आधी चिडली. "एवढ्या अटी घालणारे तुम्ही पहिल्याच." ताईंनी आवाज न चढवता सांगितलं, "साहेब, ४,००० घेऊन उशीर करण्यापेक्षा २,५०० वेळेवर देते." दोन दिवसांनी पार्टीचाच फोन आला. ॲडव्हान्स १०,००० वर तुटलं. अडकणारी रक्कम झाली ३९,०००, तरी मर्यादेच्या आतच.

पहिल्या दोन लॉटचे पैसे वेळेवर आले. तिसऱ्याचे लांबले. चौथा लॉट बांधून तयार होता, पण ताईंनी तो सोडला नाही आणि पाचव्याला हात लावला नाही. तीन रात्री त्यांना झोप लागली नाही, हे त्यांनीच मला सांगितलं. आठव्या दिवशी पैसे आले आणि टेम्पो गेला. हेच सगळे ४,००० शर्ट एकदम देऊन झाले असते, तर हातात फक्त फोन उरला असता.

आणि पार्टीने नकारच दिला असता तर? तर ताईंना त्या हंगामात २२ हजार मिळाले नसते. पण सहा मशीन आणि पाच कारागीर जूनमध्येही जागेवर असते. काम हुकलं तर दुसरं काम शोधता येतं, भांडवल बुडालं तर शोधायला बाहेर पडायचं बळही राहत नाही.

तुमचा गृहपाठ

ऑर्डरची वाट बघू नका. आज रात्री वहीच्या पहिल्या पानावर दोन आकडे लिहा: नेहमीच्या दिवशी आपल्या हातून किती माल निघतो, आणि आपली बुडीत मर्यादा किती. पार्टी समोर बसली असताना हे आकडे काढायला गेलात तर मोह तुमच्या वतीने हिशोब करेल. आधी लिहून ठेवलेत, तर त्या दिवशी फक्त वही उघडायची.

भेटू पुढच्या धड्यात. हिशोब चोख ठेवा!