सड्यावर सोबतीनं धावायचं तर

आमच्या मोहगावात थंडी म्हणजे पौषात रात्री संत्र्याच्या बगिच्याला पाणी देताना लागते ती. धावताना माणूस गारठतो, असं इथे कुणाला सांगितलं तर हसेल. सौसर-पांढुर्ण्याच्या या पट्ट्यात मे महिन्यात पारा 45 च्या घरात जातो. त्यामुळे उन्हात धावण्याचं शहाणपण आम्हाला शिकवावं लागत नाही: पहाटे निघा, डोक्याला दुपट्टा बांधा, पाणी पीत राहा. हे शहाणपण घेऊन मी आणि माझा मित्र सप्टेंबरात नागपूरहून महाराष्ट्र एक्सप्रेसनं साताऱ्याला गेलो. तिथे त्यातलं निम्मं कुचकामी ठरलं.

सातारा हिल हाफ मॅरेथॉन 2012 पासून होते. 21 किलोमीटर, यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्यानं जायचं आणि त्याच वाटेनं परत. पुढचं कासचं पठार म्हणजे जांभ्या दगडाचा उघडा सडा. पावसाळा सरता सरता तिथे फुलं असतात, तसंच धुकं, भुरभुर पाऊस आणि आडोसा नसलेला वाराही असतो.

‘एकत्रच धावू’ असं आमचं ठरलं होतं. चढावर मित्र मागे पडायचा, मी वळणावर थांबायचो. तो दोनदा म्हणाला, “तू जाय ना समोर, मी येतो.” पण अशा वेळी कोणी ऐकत नाही. गंमत अशी, की हळू का होईना, धावत राहिलेला तो गरम राहिला आणि वाट पाहणारा मी दात वाजवत उभा. धावणारं शरीर भट्टीसारखं असतं. थांबलं की विझतं. त्यात कपडे ओले असले तर पाणी हवेच्या सुमारे 25 पट वेगानं उष्णता ओढून नेतं. सुती बनियन तर अंगाला चिकटूनच बसतं.

असा गारठा जीवही घेतो. चीनच्या गान्सू प्रांतात 22 मे 2021 रोजी 100 किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीत गारा, पाऊस आणि वादळी वारा आला. 172 धावपटूंपैकी 21 जण गारठून दगावले, त्यांत आघाडीचे नामांकित धावपटूही होते. वाऱ्या-पावसाचं जाकीट तिथे सक्तीचं नव्हतं. एका मेंढपाळानं सहा जणांना गुहेत नेऊन शेकोटी दिली, म्हणून ते वाचले.

म्हणून एकत्र धावायचं की आपापलं, हे घरूनच ठरवून निघा. जागोजागी माणसं आणि पाणी असलेल्या शर्यतीत ज्यानं त्यानं आपल्या वेगानं धावावं आणि शेवटच्या रेषेपाशी भेटावं. मात्र सरावासाठी दोघंच निर्मनुष्य सड्यावर गेलात तर नियम उलटा: हळू धावणारा पुढे, वेगवान मागे, आणि फारकत अजिबात नाही. कमरेला बांधता येईल असं पातळ जाकीट दोघांकडेही हवं. पैसे, फोन, खोलीची चावी एकाच्याच खिशात ठेवू नका. शर्यत संपल्यावर ओल्या कपड्यांत चावीची वाट पाहणं घाटापेक्षा कठीण जातं.

पाण्याचंही तसंच. आपल्याकडची सवय म्हणून मित्र प्रत्येक टेबलावर पाणी पीत होता. पुढे त्याला मळमळायला लागलं. गार हवेत घाम कमी जातो, मग तहानेपुरतंच पाणी पुरे. 2002 च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये 488 धावपटूंचं रक्त तपासलं, तेव्हा 13 टक्के लोकांत सोडियम घातक ठरावं इतपत नाही, पण नेहमीपेक्षा कमी सापडलं. काही थोड्यांत मात्र ते खरंच धोक्याच्या पातळीला गेलं होतं. ज्यांचं वजन शर्यतीत वाढलं, त्यांना हा धोका जास्त होता.

आता उताराचं. चढावर दम जातो, उतारावर मांड्या जातात. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच जोर लावतो, त्यानं त्याचे धागे दुखावतात. ठणका दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळस गाठतो. मित्राला परतीच्या गाडीत वरच्या बर्थवर चढवायला दोघे लागले. यावर उपाय एकच, उतरण्याचा सराव. शर्यतीच्या महिनाभर आधी दोन-तीनदा उतारावर धावलं तरी स्नायू पुष्कळ सावरून घेतात.

मोहगावच्या सपाट रस्त्यांवर हे जमणार नाही. सौसरहून छिंदवाड्याकडे जाताना लागणारा सिल्लेवानी घाट त्यासाठी चांगला आहे. तो हमरस्ता आहे, ट्रक सुसाट उतरतात. उजाडल्याशिवाय जाऊ नका, एकामागे एक धावा आणि गाड्या समोरून दिसतील अशीच बाजू धरा.