तीन आण्यांचा हिशेब

लोकसभेत अध्यक्षांच्या उजव्या हाताला सत्ताधारी पक्षाचे सदस्य बसतात आणि डाव्या हाताला विरोधी पक्षांचे. डावीकडच्या सदस्यांजवळ मंत्रिपद नसते, खाते नसते, तिजोरीची किल्ली नसते. मतदान झाले तर बहुतेक वेळा त्यांचा पराभव होतो. मग ते तेथे बसून करतात तरी काय? १९६३ साली लोकसभेत झालेल्या एका वादावरून हे चांगले समजते. तो वाद तीन आण्यांचा होता.

विद्यार्थ्यांनो, तुम्ही आणा पाहिला नसेल. पूर्वी सोळा आण्यांचा एक रुपया होत असे. १ एप्रिल १९५७ पासून शंभर नव्या पैशांचा रुपया सुरू झाला, तरी लोकांच्या तोंडी आणा पुढेही बरीच वर्षे राहिला. तीन आणे म्हणजे सुमारे १९ पैसे.

हा वाद उभा केला डॉ. राममनोहर लोहिया यांनी. त्यांचा जन्म २३ मार्च १९१० रोजी उत्तर प्रदेशातील अकबरपूर येथे झाला. त्यांचे काही शिक्षण मुंबईत झाले. पुढे त्यांनी जर्मनीत बर्लिनला जाऊन डॉक्टरेट मिळवली. स्वातंत्र्याच्या लढ्यात ते अनेकदा तुरुंगात गेले. गोव्यातील लोक त्यांना वेगळ्या कारणाने ओळखतात. १८ जून १९४६ रोजी मडगाव येथे पोर्तुगीज सरकारची बंदी मोडून जी सभा झाली, ती लोहियांचीच. एके काळी ते पंडित जवाहरलाल नेहरूंचे जवळचे सहकारी होते. १९३६ मध्ये काँग्रेसच्या परराष्ट्र विभागाचे काम नेहरूंनीच त्यांच्याकडे सोपवले होते. स्वातंत्र्यानंतर मात्र दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. १९६२ च्या निवडणुकीत लोहिया फुलपूर मतदारसंघात पंतप्रधान नेहरूंच्या विरुद्ध उभे राहिले आणि हरले. पुढच्याच वर्षी ते फर्रुखाबादच्या पोटनिवडणुकीत विजयी होऊन लोकसभेत आले.

त्या वेळी देशाचे वातावरण गंभीर होते. १९६२ च्या शेवटी चीनशी युद्ध होऊन भारताला माघार घ्यावी लागली होती. सरकारवर टीका होत होती; परंतु लोकसभेत काँग्रेस पक्षाचे बहुमत इतके मोठे होते, की समोर अधिकृत विरोधी पक्षनेताही नव्हता. पुरेसे सदस्य कोणत्याही विरोधी पक्षाजवळ नव्हते. अशा सभागृहात ऑगस्ट १९६३ मध्ये आचार्य जे. बी. कृपलानी यांनी सरकारवर अविश्वासाचा ठराव मांडला. लोकसभेतील हा पहिलाच अविश्वास ठराव. त्यावर चार दिवस चर्चा झाली.

या चर्चेत लोहिया हिंदीतून बोलले. त्यांनी चीनचा विषय काढलाच, पण सगळ्यांचे लक्ष वेधले ते एका आकड्याने. ते म्हणाले, की या देशातील २७ कोटी माणसे रोज केवळ तीन आण्यांवर जगतात. १९६१ च्या जनगणनेनुसार भारताची लोकसंख्या सुमारे ४४ कोटी होती. म्हणजे दर पाच माणसांतील तीन माणसांबद्दल ते बोलत होते. पंतप्रधानांवर रोज २५,००० रुपये खर्च होतात, असाही आरोप त्यांनी केला. तो आकडा वादाचा ठरला आणि सरकारने तो मान्य केला नाही. मला विचाराल तर त्या आरोपात झणझणीतपणा अधिक होता. खरे वजन तीन आण्यांच्या प्रश्नात होते.

पंतप्रधान नेहरूंनी लोहियांचा आकडा चूक ठरवला. माणशी उत्पन्न तीन आणे नसून पंधरा आणे आहे, असे त्यांनी सांगितले.

पंधरा आणे कोठून आले? देशाचे वर्षाचे एकूण उत्पन्न घ्या आणि त्याला लोकसंख्येने भागा. त्या काळी माणशी वर्षाला सुमारे सव्वातीनशे रुपये येत होते. त्याला ३६५ ने भागले, की रोजचे चौदा-पंधरा आणे होतात. म्हणजे पंतप्रधानांचा हिशेब खोटा नव्हता. पण ती सरासरी होती. वर्गात सरासरी शिकवताना मी फळ्यावर एक उदाहरण मांडतो. एका चाळीत पाच बिऱ्हाडे आहेत. चार बिऱ्हाडांची रोजची कमाई प्रत्येकी ५ रुपये आणि पाचव्याची ८० रुपये. एकूण १०० रुपये झाले, सरासरी २० रुपये आली. आता त्या चाळीत २० रुपये मिळवणारे बिऱ्हाड शोधून दाखवा! मुले हसतात, मग हळूच कोणीतरी विचारते, “सर, मग सरासरी कोणाची?”

लोहियांचा प्रश्न नेमका हाच होता. कारखानदार, व्यापारी, मोठे जमीनदार, बडे अधिकारी यांचे उत्पन्न शेतमजुराच्या उत्पन्नात मिसळून जो आकडा येतो, त्यात शेतमजूर दिसतच नाही. आणि जो आकड्यात दिसत नाही, त्याच्यासाठी योजना कशी आखणार? तिसरी पंचवार्षिक योजना तेव्हा चालू होती. धरणे, पोलाद, कारखाने यांवर मोठा पैसा खर्च होत होता. त्यातून वाढलेले उत्पन्न कोणाच्या घरी जाते, हे कोणीतरी विचारायला हवे होते.

सप्टेंबर १९६३ मध्ये याच विषयावर लोकसभेत स्वतंत्र चर्चा झाली. या वादात नियोजनाचे काम पाहणारे मंत्री गुलझारीलाल नंदा यांनी साडेसात आण्यांचा आकडा दिला. आता गंमत पाहा. पंतप्रधानांचे पंधरा आणे आणि त्यांच्याच मंत्र्यांचे साडेसात आणे! सरासरी बाजूला ठेवून गरिबांकडे पाहताच आकडा निम्म्यावर आला. हा आकडा लोहियांचा नव्हता, सरकारचा होता. आणि सभागृहात उच्चारलेला शब्द कामकाजाच्या वृत्तांतात छापला जातो. तो मागे घेणे सोपे नसते.

विरोधी सदस्याच्या हाती साधने थोडी असतात. प्रश्नोत्तराच्या तासात तो मंत्र्याला प्रश्न विचारू शकतो. अंदाजपत्रकावर कपात सूचना देऊ शकतो. निदान पन्नास सदस्य पाठीशी असतील तर अविश्वासाचा ठराव मांडू शकतो. पण ही साधने अभ्यासाशिवाय बोथट आहेत. केवळ “गरिबांचे हाल होत आहेत” एवढेच लोहिया म्हणाले असते, तर सरकारने सहानुभूतीचे चार शब्द सांगून विषय संपवला असता. त्यांनी आकडा मांडला, म्हणून सरकारला आकड्यानेच उत्तर द्यावे लागले. अरबीतला ‘हिसाब’ मराठीत येऊन ‘हिशेब’ झाला. लोकसभेत मागायचा असतो तो हाच.

अविश्वासाचा ठराव अर्थातच फेटाळला गेला. ठरावाच्या बाजूने ६२ मते पडली, विरुद्ध ३४७. सरकार जागेवर राहिले. १२ ऑक्टोबर १९६७ रोजी लोहियांचे निधन झाले, तेव्हाही त्यांचा पक्ष लहानच होता.

लोहियांचे तीन आणे बरोबर होते काय? पुण्यातील अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी भारतातील दारिद्र्याचा अभ्यास करून तो १९७१ मध्ये प्रसिद्ध केला. पोटाला पुरेसे अन्न मिळण्यासाठी खेड्यात माणशी महिन्याला निदान १५ रुपये खर्च करता आले पाहिजेत, असे त्यांनी १९६०-६१ च्या किमती धरून काढले. रोजचे हे सुमारे आठ आणे होतात. खेड्यांतील सुमारे ४० टक्के लोकांना तेवढेही खर्च करता येत नव्हते. तीन आण्यांचा आकडा फार खाली होता, असे यावरून म्हणता येईल. पण पंधरा आण्यांवर समाधान मानून सभागृह उठले असते, तर ही ४० टक्के माणसे त्या हिशेबात कोठेच नव्हती.

शब्दार्थ
बहुमत – निम्म्याहून अधिक सदस्यांचा पाठिंबा
पोटनिवडणूक – मध्येच रिकाम्या झालेल्या जागेसाठी होणारी निवडणूक
बिऱ्हाड – भाड्याच्या घरात राहणारे कुटुंब
वृत्तांत – घडलेल्या गोष्टींची नोंद
बोथट – धार नसलेले

स्वाध्याय
१. पंतप्रधानांचा हिशेब खोटा नव्हता, असे लेखकाने का म्हटले आहे?
२. साडेसात आण्यांच्या आकड्याला या वादात महत्त्व का आले?
३. तुमच्या गल्लीतील पाच घरांची काल्पनिक कमाई लिहून सरासरी काढा. ती कोणत्या घराला लागू पडते ते सांगा.
४. वाक्यात उपयोग करा : लक्ष वेधणे, वाटा वेगळ्या होणे.