भातखाचरातील लव्हाळवर्गीय तणे : ओळख आणि बंदोबस्त

लावणीनंतर पंधरा-वीस दिवसांनी खाचरात उतरून पाहिल्यास रोपांच्या ओळींमध्ये बारीक, तकतकीत हिरवी, गवतासारखी रोपटी दाटीने उगवलेली दिसतात. आपण त्यांना सरसकट लव्हाळा म्हणतो आणि बेणणीच्या वेळी बघू म्हणून सोडून देतो. नुकसान होते ते इथेच. एक म्हणजे ही तणे गवत नव्हेत, त्यामुळे केवळ गवतावर चालणारे तणनाशक त्यांच्यावर वाया जाते. दुसरे म्हणजे ती बेणणीची वाट पाहत थांबत नाहीत.

ओळख पटविण्यासाठी थोडे वाढलेले झाड उपटावे व त्याचा दांडा अंगठा आणि बोट यांमध्ये धरून फिरवावा. तीन कडा हाताला लागतात. दांडा आडवा कापला तर आत भरीव असतो आणि त्यावर पेरे नसतात. गवताचा दांडा गोल, बहुधा पोकळ व पेरे असलेला असतो. रोपटे लहान असून दांडा आलेला नसेल तर पाने पाहावीत. लव्हाळ्याची पाने तीन रांगांत निघतात, भाताची व गवताची दोन रांगांत. भाताच्या पानाच्या सांध्यावर पातळ पांढरट जिव्ही व केसाळ कान असतात, ते लव्हाळ्यात नसतात. पाखडीलाही जिव्ही नसते, पण तिची पाने दोन रांगांत असल्याने फरक कळतो.

खाचरात प्रामुख्याने तीन जाती आढळतात. सायपेरस डिफॉर्मिस या जातीचा तुरा म्हणजे टोकाला आलेले गोल, घट्ट बोंड होय. हिला सतत ओली, पाणथळ जमीन मानवते. सायपेरस इरिया हिचा तुरा मोकळा, छत्रीसारखा पसरलेला व पिवळसर तपकिरी असतो, मुळे पिवळसर तांबूस असतात आणि ती कमी पाण्याच्या, नुसत्या ओलसर जागी अधिक माजते. तिसरी फिम्ब्रिस्टायलिस मिलिएसी. हिचा बुंधा पंख्यासारखा चपटा असतो आणि दांड्याला चार-पाच कडा असतात, म्हणून वरील बोटांची परीक्षा हिच्याबाबत फसू शकते.

वरकस जमिनीतला व बागेतला गाठीचा लव्हाळा म्हणजे नागरमोथा वेगळा. तो उपटला तरी जमिनीतील गाठींतून पुन्हा फुटतो. खाचरातील या तीन जाती मात्र मुख्यतः बियांपासून वाढतात. त्यामुळे बी पडू दिले नाही तर दरवर्षी त्यांचे प्रमाण घटत जाते.

परंतु बी पडण्याचा वेग मोठा आहे. अनुकूल परिस्थितीत डिफॉर्मिस उगवल्यापासून सुमारे महिनाभरात बी धरते आणि एका झाडावर हजारो बिया येतात. लावणीनंतर दीड महिन्याने केलेली बेणणी ही या तणाच्या दृष्टीने उशिराची बेणणी आहे. पिकाला थोडा लाभ होतो, पण पुढील वर्षाची पेरणी खाचरात आधीच झालेली असते. म्हणून पहिली बेणणी १५ ते २० दिवसांनी आणि दुसरी ३५ ते ४० दिवसांनी करावी. ओळीत लावणी केली असल्यास कोनोविडर फिरवता येतो व मजुरी वाचते. युरियाचा हप्ता बेणणीनंतरच द्यावा, नाहीतर तो आधी लव्हाळाच खातो.

या बिया अतिशय बारीक असल्याने जमिनीच्या अगदी वरच्या थरातून, उजेड मिळाला तरच उगवतात. याचा फायदा घ्यावा. पहिल्या पावसानंतर खाचर ओले करून १० ते १५ दिवस तण उगवू द्यावे आणि मगच चिखलणी करावी. उगवलेले तण चिखलात गाडले जाते. चिखलणीच्या वेळी फळी नीट फिरवून खाचर सपाट करावे. खाचरात जिथे उंचवटा राहतो तिथे पाणी टिकत नाही आणि लव्हाळ्याची पहिली चकती तिथेच दिसते. रोपे रुजल्यावर ५ सें.मी. पाणी राखल्यास नवी उगवण पुष्कळ दबते. त्यासाठी बांधाची खेकड्यांची भोके बुजवणे हेही तणनियंत्रणाचेच काम समजावे.

मजूर मिळत नसल्यास लावणीनंतर ३ ते ५ दिवसांत प्रेटिलाक्लोर ५० टक्के हे १० गुंठ्यांना १०० ते १५० मिलि, खाचरात पाण्याचा पातळ थर असताना वापरावे. हे रोपवाटिकेत वापरू नये. तण उगवून आल्यावर, २ ते ४ पानांवर असताना, बिस्पायरीबॅक सोडियम १० टक्के १० गुंठ्यांना २५ मिलि, ३० लिटर पाण्यात, म्हणजे १५ लिटरच्या दोन पंपांत, फवारावे. फवारणीपूर्वी पाणी काढून टाकावे, म्हणजे तण उघडे पडते, आणि दोन-तीन दिवसांत पुन्हा पाणी बांधावे.

येथे एक सावधगिरी महत्त्वाची आहे. बिस्पायरीबॅक, इथॉक्सीसल्फ्युरॉन, पायराझोसल्फ्युरॉन व बेनसल्फ्युरॉन ही नावे चार असली तरी तणाच्या शरीरातील एकाच क्रियेवर ती घाला घालतात. दुकानदाराने यंदा वेगळी बाटली दिली म्हणजे औषध बदलले असे होत नाही. कॅलिफोर्निया व ऑस्ट्रेलियातील भातशेतीत १९९० च्या दशकातच बेनसल्फ्युरॉनला न जुमानणारा डिफॉर्मिस आढळला, आणि २०२१ साली भारतातूनही बिस्पायरीबॅकला दाद न देणाऱ्या डिफॉर्मिसची नोंद प्रसिद्ध झाली. म्हणून एका हंगामात या गटातील औषध एकदाच वापरावे, पुढील वर्षी प्रेटिलाक्लोरवर भर द्यावा आणि मात्रा डोळ्यांच्या अंदाजाने न घेता मापाने घ्यावी.

फवारणीनंतर दोन-तीन आठवड्यांनी खाचरात फेरी मारावी. शेजारची झाडे पिवळी पडून वाळलेली असताना मध्येच काही लव्हाळे हिरवेगार उभे असतील, तर ते बोंडावर येण्याआधी हाताने उपटावेत. उपटलेली झाडे बांधावर टाकू नयेत. पावसात बी परत खाचरात वाहून येते.