गाडीतील स्क्रीन आणि व्यापाऱ्याची नजर

व्यापारी बंधूंनो, आपल्यापैकी अनेकांचा निम्मा धंदा रस्त्यावर होतो. भिवंडीहून मालेगाव, इचलकरंजीहून सोलापूर, मालाचे नमुने घेऊन आपण स्वतः गाडी चालवत जातो. नव्या गाड्यांत गाणी, रस्त्याचा नकाशा आणि एसी हे सारे एकाच स्क्रीनवर आले आहे. सोय मोठी आहे. पण ती वापरायची कशी हे शिकून घेतले नाही तर तीच जीवावर बेतते.

आपण मीटरवर कापड मोजणारी माणसे. हाही हिशेब करून पाहा. ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे २२ मीटर जाते. बटण शोधण्यात ३ सेकंद गेले, तर ६६ मीटर रस्ता आपण न पाहताच कापला! म्हणून पहिला नियम असा की, सर्व जुळवाजुळव गाडी उभी असतानाच करावी.

१) नकाशा : नुसते गावाचे नाव टाकू नये. यंत्रमागांचे मालेगाव नाशिक जिल्ह्यात आहे, तसेच एक मालेगाव वाशिम जिल्ह्यातही आहे. तालुका, जिल्हा किंवा पिनकोड पाहून मगच निघावे. घाटात फोनची रेंज जाते. उपग्रहाकडून आपली जागा कळत राहते, पण नकाशा उघडत नाही. तेव्हा नकाशा घरीच डाउनलोड करून ठेवावा आणि रस्ता आवाजावर ऐकावा.

२) आवाज व फोन : मागच्या गाडीचा हॉर्न आणि अ‍ॅम्ब्युलन्सचा भोंगा ऐकू येईल एवढाच आवाज ठेवावा. तो कमी-जास्त करण्यासाठी स्टिअरिंगवरील बटणे वापरावीत. फोन ब्लूटूथला आधीच जोडावा. गाडी चालवताना हातातला फोन वापरणे हा गुन्हा आहे. २०१९ च्या कायदादुरुस्तीनुसार पहिल्याच वेळी १,००० ते ५,००० रुपये दंड, ६ महिने ते १ वर्ष कैद किंवा दोन्ही होऊ शकते. ब्लूटूथवर बोलतानाही लक्ष वाटले जातेच. भावाची घासाघीस गाडी बाजूला थांबवूनच करावी. सौदाही नीट होतो आणि माणूसही सुखरूप राहतो.

३) एसी : उन्हात तापलेल्या गाडीच्या काचा आधी उघडून गरम हवा बाहेर जाऊ द्यावी, मग एसी लावावा. आतलीच हवा फिरवणारे बटण तासन्‌तास चालू ठेवू नये. हवा कोंदट होऊन झापड येते. पावसाळ्यात समोरच्या काचेवर आतून वाफ धरली, तर हे बटण बंद करावे, एसी चालूच ठेवावा आणि हवेचा झोत काचेवर सोडावा. एसी हवेतील ओल शोषतो, त्यामुळे काच लवकर स्वच्छ होते. फडक्याने पुसत बसण्याची गरज नाही.

आणखी एक खबरदारी. मार्केट उघडण्याची वाट पाहत काचा बंद करून, इंजिन चालू ठेवून गाडीत झोपू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. झोपलेल्याला ते कळतही नाही. लहान मुलांना तर बंद गाडीत क्षणभरही एकटे सोडू नये.

पहिले गिऱ्हाईक येण्यापूर्वी आपण मीटर आणि कात्री जागेवर आहेत ना ते पाहतो. गाडी हलवण्यापूर्वी दोन मिनिटे नकाशा, आवाज आणि हवा यांनाही द्यावीत. मग रस्ताभर नजर समोर राहील.