हृदयरोग्यासाठी फ्लूची लस : खर्च किती, घ्यायची कुठे?

माउलींची पालखी नीरा ओलांडून लोणंदला येते, त्या सुमारास आपल्याकडे पाऊस धरतो आणि दवाखान्यांत ताप-खोकल्याची गर्दी वाढू लागते. महाराष्ट्रात फ्लूचा मोठा हंगाम पावसाळ्यातलाच. घरात अँजिओप्लास्टी किंवा बायपास झालेलं माणूस असेल, तर लसीचे पैसे मे महिन्यातच बाजूला काढा. लस टोचल्यावर संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. उशीर झाला तर पावसात घेतली तरी चालते.

‘फ्लूचा आणि हार्टचा काय संबंध?’ हे घरोघरी विचारलं जातं. फ्लूने अंगात दाह उठतो, नाडी वाढते, रक्त लवकर गोठू लागतं. धमनीत आधीच चरबीचा थर असेल, तर तो फुटायला एवढं निमित्त पुरतं. कॅनडातल्या ओंटारिओमधल्या रुग्णांचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. फ्लू असल्याचं तपासणीत निघाल्यावर पहिल्या ७ दिवसांत हार्ट अटॅकचं प्रमाण एरवीच्या सहापट होतं. २०२१ मध्ये बांगलादेशासह ८ देशांतल्या चाचणीचा निकाल आला. त्यात बहुतेक रुग्ण नुकताच अटॅक येऊन दाखल झालेले होते. निम्म्यांना दवाखान्यातच लस दिली, निम्म्यांना नुसतं सलाईनचं इंजेक्शन. वर्षभरात लस घेतलेल्यांपैकी २.९ टक्के दगावले, न घेतलेल्यांपैकी ४.९ टक्के. म्हणून डिस्चार्जच्या वेळी डॉक्टरांना लसीबद्दल आवर्जून विचारा.

आता पैशाचं. खासगीत एका डोसला कंपनीप्रमाणे साधारण दीड ते अडीच हजार रुपये धरा; टोचण्याची फी वेगळी. मोठ्या माणसाला वर्षातून एकच डोस. लस १,८०० ची आणि फी २०० धरली, तर नवरा-बायको दोघांचे ४,००० होतात, म्हणजे महिन्याला साडेतीनशेच्या आत. खोक्यावरची छापील किंमत स्वतः वाचा आणि बिल मागून घ्या. महात्मा फुले योजना दाखल झालेल्या रुग्णाच्या उपचारांसाठी आहे. बाहेरून टोचलेल्या लसीचे पैसे त्यातून मिळतील असं धरून चालू नका.

पण पाकीट उघडण्याआधी सरकारी दवाखान्यात चौकशी करा. स्वाइन फ्लूच्या साथीनंतर, २०१५ पासून राज्य सरकारने गर्भवती तसंच मधुमेह आणि उच्च रक्तदाबाच्या रुग्णांना ही लस मोफत द्यायला सुरुवात केली. आपल्याकडच्या बऱ्याच हृदयरुग्णांना या दोन्हींपैकी एक तरी दुखणं असतं. साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालयात, सांगलीत वसंतदादा पाटील रुग्णालयात विचारा. गोळ्यांची जुनी चिठ्ठी सोबत न्या. साठा बारा महिने असतोच असं नाही. आज नसेल तर पुन्हा कधी येऊ, हे विचारूनच निघा. ते विचारायची लाज वाटू देऊ नका, हक्काची गोष्ट आहे.

मेडिकलमधून लस घेऊन दवाखान्यापर्यंत नेणार असाल, तर खरी जोखीम त्या वाटेवर आहे. लस २ ते ८ अंशांतच राहिली पाहिजे. मेच्या उन्हात गाडीच्या डिकीत ठेवलेली लस बिघडते. घरी आणून फ्रीजरच्या खणात ठेवलेलीही फुकट जाते, कारण एकदा गोठली की ती टाकूनच द्यायची. आधी डॉक्टरांची वेळ घ्या, मग लस घ्या. थर्माकोलच्या डब्यात बर्फाची पिशवी आणि लसीचं खोकं यांच्यामध्ये जाड कागद घाला. खोक्यावर यंदाच्या हंगामाचं साल आणि मुदतीची तारीख पाहा. फ्लूचा विषाणू रूप पालटतो, तशी लसही बदलते. गेल्या वर्षीची उरलेली उपयोगाची नाही.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तरी लस घेता येते. फक्त तसं आधी सांगा आणि टोचल्यावर दोन मिनिटं जागा दाबून धरा, चोळू नका. अंगात ताप असेल तर चार दिवस थांबा. आधी कधी या लसीची जोरदार ॲलर्जी आली असेल, तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय घेऊ नका. दंड दुखणं, अंग मोडून येणं एक-दोन दिवसांत जातं. हृदयाच्या गोळ्या मात्र एक दिवसही बंद करायच्या नाहीत. लसीची तारीख अँजिओप्लास्टीच्या फाइलमध्येच लिहा, पुढच्या मे महिन्यात तीच उघडायची आहे.