खतावणी : नाव आणि बाकी

लक्ष्मीपूजनाच्या सायंकाळी पुष्कळ दुकानांतून नव्या वह्यांची पूजा होते. हा सोहळा आपण लहानपणापासून पाहत आलो; परंतु त्या वह्यांत काय लिहितात व का लिहितात, याचा विचार आपण क्वचितच करतो. आज त्यांपैकी खतावणी अथवा खातेवही या वहीची ओळख करून घेऊ.

हिशेबाच्या मुख्य वह्या दोन. पहिली रोजकीर्द. तीत प्रत्येक व्यवहार ज्या दिवशी घडला त्याच दिवशी, घडल्या क्रमाने लिहावयाचा. दुसरी खतावणी. रोजकीर्दीतील नोंद ज्याच्या त्याच्या खात्यात नेऊन लिहिणे, यास खतावणे म्हणतात. 'केव्हा काय घडले?' याचे उत्तर रोजकीर्द देते. 'कोणाकडे किती येणे, कोणाचे किती देणे?' याचे उत्तर खतावणीखेरीज मिळत नाही. शोध सुलभ व्हावा म्हणून दोन्ही वह्यांत एकमेकींचा पान क्रमांक टिपून ठेवतात.

आपल्या गौलीगुड्याच्या नावातच गवळी आहे. म्हणून उदाहरणही दुधाचेच घेऊ. येथे एका गृहस्थाने २०,००० रुपये भांडवल घालून दूध व पेढ्यांचे लहानसे दुकान काढले, अशी कल्पना करा. पहिल्या महिन्यात त्याने एका गवळ्याकडून ३,००० रुपयांचे दूध उधार घेतले आणि जवळच्या बेगमबाजारातून २,००० रुपयांची साखर रोखीने आणली. ३,६०० रुपयांची विक्री रोख झाली व २,४०० रुपयांचा माल एका खानावळीस उधार दिला. पुढे गवळ्यास २,००० रुपये दिले. खानावळीकडून १,५०० रुपये आले.

यातील प्रत्येक व्यवहार दोन खात्यांस स्पर्श करतो. उधार दूध आले, तेव्हा खरेदी खाते नावे पडले व गवळ्याच्या खाती तेवढीच रक्कम जमा झाली. नियम सोपे आहेत. व्यक्तीच्या खात्यात घेणाऱ्याच्या नावे व देणाऱ्याचे जमा. वस्तूच्या खात्यात येईल ते नावे व जाईल ते जमा. खर्च वा तोटा नावे, उत्पन्न वा नफा जमा. इटलीतील गणितज्ञ लुका पाचोली याने १४९४ साली व्हेनिस येथे छापलेल्या ग्रंथात ही दुहेरी नोंदीची पद्धत विशद केली. तेथील व्यापारी मात्र ती आधीपासूनच वापरीत होते. आपल्या देशी वह्यांत जमेची बाजू डावीकडे असते, तर शाळेत शिकवतात त्या पद्धतीत नावेची बाजू डावीकडे येते. घरची जुनी वही वाचताना हा भेद ध्यानी ठेवावा.

महिनाअखेर प्रत्येक खात्याची बाकी काढून सर्व बाक्या एकत्र मांडल्या की तेरीज होते. आपल्या दुकानाची तेरीज अशी :

नावे बाकी : रोख २१,१००; खानावळ ९००; खरेदी ५,०००. एकूण २७,०००.
जमा बाकी : भांडवल २०,०००; गवळी १,०००; विक्री ६,०००. एकूण २७,०००.

दोन्ही बेरजा जुळल्या. आता हिशेब निर्दोष झाला काय? येथेच नवशिका फसतो. समजा, गवळ्यास दिलेले २,००० रुपये चुकून दुसऱ्याच एका गवळ्याच्या नावे खतावले. मग पहिल्या गवळ्याचे ३,००० रुपये देणे दिसेल आणि ज्याने एक पैही घेतली नाही, त्या दुसऱ्याकडे २,००० रुपये येणे निघेल. तेरीज मात्र २९,००० रुपयांवर बिनचूक जुळेल! बेरीज खरी, आणि हिशेब खोटा. उद्या दुकानदार त्या निरपराध माणसाच्या दारी तगादा लावील; चारचौघांत त्याची पत जाईल. म्हणून जुने मुनीम केवळ तेरजेवर विसंबत नसत. ते रोजकीर्दीशी प्रत्येक नोंद ताडून पाहत आणि गिऱ्हाइकास त्याचा खातेउतारा दाखवून बाकी कबूल करवून घेत.

हैदराबादच्या जुन्या पिढीस आणखी एक दक्षता बाळगावी लागे. येथे निजामाचे हाली नाणे चालत असे, तर सोलापूर-मुंबईस कलदार. सात हाली रुपयांस सहा कलदार या हिशेबाने शंभर कलदार रुपयांचे ११६ रुपये १० आणे ८ पै हाली होत. एकाच खात्यात दोन्ही चलने मिसळली, तर बाकीस काही अर्थच उरत नसे. पुढे हाली गेले आणि १ एप्रिल १९५७ पासून आणे-पै जाऊन रुपयाचे शंभर नवे पैसे झाले.

आज संगणक क्षणात खतावणी करतो व बेरजेत चुकत नाही. परंतु रक्कम कोणाच्या नावे घालावयाची, हे त्यास मनुष्यच सांगतो. नाव चुकीचे सांगितले, तर तीच चूक तो अधिक सुबक अक्षरात मांडून देईल.

विद्यार्थिमित्रहो, या महिन्यापासून घरचा दुधाचा रतीब, वर्तमानपत्र व वाणी यांची तीन खाती एका साध्या वहीत उघडा. रोजच्या रोज लिहा, महिनाअखेर बाकी काढा आणि ती त्या त्या माणसास दाखवा. त्याने 'बरोबर आहे' असे म्हटले, म्हणजे तुमची खतावणी पुरी झाली.