देवासची टेकडी चढण्याआधी आणि उतरताना

उज्जैनला जाणाऱ्या मराठी कुटुंबांचा बेत बहुधा ठरलेला असतो. पहाटे रामघाटावर क्षिप्रेचं स्नान, मग महाकाल, आणि गाडी हाताशी असली की सुमारे ४० किलोमीटरवरचं देवास. तिथल्या टेकडीवर तुळजाभवानी आणि चामुंडा. वर पोचलं की पायाशी गाव आणि चहूकडे माळव्याचं पठार दिसतं. सह्याद्रीच्या मानाने ही टेकडी ठेंगणी, म्हणून तिची तयारी कोणी करत नाही. कळसूबाईला निघालेला माणूस महिनाभर आधीपासून जिने चढतो. देवदर्शनाला निघालेले साठीतले आजोबा मात्र रात्रभर बसमध्ये अवघडून, अर्धवट झोपेत, उपाशीपोटी थेट पायऱ्यांना भिडतात. मला काळजी वाटते ती या आजोबांची.

सुरुवात रामघाटापासूनच करू. पाण्यालगतच्या पायऱ्या सतत ओल्या आणि शेवाळलेल्या असतात. साडी किंवा धोतर पोटरीला चिकटलेलं, एका हातात तांब्या, नजर नातवाकडे, अशा वेळी पाय सटकतो. माणूस हात टेकून पडतो आणि मनगट मोडतं. पाळी गेल्यानंतर बायकांची हाडं ठिसूळ होऊ लागतात, त्यांचं खुब्याचं हाडही मोडू शकतं. हात मोकळे ठेवा, कपडे वर खोचा, आधाराला कठडा किंवा घरचं माणूस असेल तिथूनच उतरा. थंडीत एकदम बुडी मारू नका. गार पाण्याने रक्तदाब झटकन चढतो. आधी पाय, मग हात, मग तोंड भिजवा.

आता टेकडी. चढताना आपला वेग बरोबर आहे का, हे कळायला यंत्र लागत नाही. शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. दोन शब्दांत धाप लागली तर थांबा, दम खाली बसू द्या, मगच पुढचं पाऊल टाका. रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉलसारखी गोळी घेणाऱ्यांनी घड्याळातल्या नाडीच्या आकड्यावर भिस्त ठेवू नये. त्या गोळीमुळे ठोके फारसे वाढत नाहीत आणि सगळं आलबेल असल्यासारखं वाटतं.

चढावर छातीत दडपण आलं, जबडा किंवा डावा हात भरून आला, दरदरून घाम सुटला, की आपल्याकडे पहिला शब्द येतो ‘गॅस’. मग कोणीतरी सोडा आणायला धावतं आणि मोलाचा वेळ जातो. चढताना येणारं आणि थांबल्यावर ओसरणारं दडपण हृदयाचं असू शकतं. मधुमेहींमध्ये आणि बायकांमध्ये कधी कधी छाती न दुखता नुसतीच धाप लागते किंवा गळून गेल्यासारखं होतं. अशा माणसाला तिथेच बसवा, एक पायरीही चढवू नका आणि १०८ला फोन करा. ॲस्पिरिनची ॲलर्जी किंवा पोटात रक्तस्रावाचा त्रास नसेल, तर ३०० मिलिग्रॅमची गोळी चावून खायला द्या.

नवरात्रात उपास धरून चढणाऱ्या मधुमेहींनी आपल्या डॉक्टरांना आधी विचारावं. ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन घेऊन, काही न खाता चढलात तर साखर एकदम उतरते. हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. खिशात गूळ किंवा ग्लुकोज हवंच.

याच टेकडीच्या पायथ्याशी कुमार गंधर्व राहिले. क्षयाने ग्रासलेले कुमारजी १९४८च्या सुमारास कोरड्या हवेसाठी देवासला आले. स्ट्रेप्टोमायसिन तेव्हा नवं होतं. त्या उपचाराने ते वाचले आणि एक फुप्फुस निकामी झालेलं असतानाही पुढची कितीतरी वर्षं गायले. त्यांची आठवण काढण्याचं कारण असं, की क्षय ‘बरा झाला’ म्हणून फाइल मिटवलेले कितीतरी लोक आपल्यात आहेत. जंतू गेले तरी फुप्फुसावरचे व्रण राहतात आणि सपाटीवर न जाणवलेली कमतरता चढावर उघडी पडते. आपलं वय झालं म्हणून ते गप्प बसतात. त्यांनी निघण्याआधी स्पायरोमेट्री, म्हणजे फुप्फुसाची क्षमता मोजणारी चाचणी, करून घ्यावी. अनेकांना साध्या इनहेलरनेही आराम पडतो.

उताराला लोक सोपं समजतात. पायऱ्या उतरताना गुडघ्यावर अंगाच्या वजनाच्या तिपटीहून जास्त भार येतो, आणि मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच ब्रेक लावत असतात. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरा. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. गुडघ्याची वाटी आधीच कुरकुरत असेल तर देवासला रोपवे आहे. वर पायी जा आणि खाली रोपवेने या. देवीला यात काही उणं वाटायचं नाही.

उज्जैनचा २०२८चा सिंहस्थ उन्हाळ्यातच येतोय, म्हणून मधुमेहींसाठी आणखी एक. तळपायाची संवेदना गेलेल्या माणसाला तापलेल्या फरशीचा चटका कळत नाही. संध्याकाळी मोजा काढल्यावर फोड दिसतो आणि तिथून जखम चिघळते. सूर्य वर यायच्या आत दर्शन उरका, शक्य तिथे जाड मोजे घाला आणि रात्री तळवे आरशात पाहा किंवा घरच्यांना दाखवा.

परत आल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दोन्ही मांड्या आणि पोटऱ्या ठणकल्या तर घाबरू नका. हलकं चालत राहा, चार-पाच दिवसांत दुखणं जातं. लघवी चहासारखी गडद झाली तर मात्र लगेच डॉक्टर गाठा. आणि एकच पोटरी सुजली, गरम लागली, दाबल्यावर दुखली, तर तेल चोळून घेऊ नका. रात्रभराच्या बसप्रवासाने शिरेत गुठळी झालेली असू शकते. त्याच दिवशी डॉपलर सोनोग्राफी करून घ्या.